विकिपीडियांतील अनामिक हात आणि आपल्या पोथ्यांची साक्ष

प्रस्तुत विषय या त्रैमासिकाच्या मर्यादेंत बसतो किंवा नाहीं, अशी शंका वाचकांस येईल. ती आम्हांसही आली होती. ताम्रपट, सनदा, महजर, शकावल्या आणि करीने यांच्या शेजारीं संगणकाच्या पडद्यावरील एका ज्ञानकोशाची चर्चा मांडणें हें सोंवळ्यांत ओंवळें कालविण्यासारखें वाटण्याचा संभव आहे. परंतु मागें एका बैठकीनंतर चहापानाच्या वेळीं आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं असें उद्गार काढले कीं, "विकिपीडियांत कोणीही निनांवी मनुष्य वाटेल तें लिहितो, तेव्हां तो ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकानें शिवूंही नये, निदान नांवगांव सांगितल्यावांचून कोणास लिहूं तरी देऊं नये." यावर दोन तरुण सभासदांनीं जोराचा प्रतिवाद केला, आणि वाद अर्धवट राहून मंडळी घरोघर गेली. आम्ही त्या दिवशीं कांहींच बोललों नाहीं. कां बोललों नाहीं, हें पुढें स्पष्ट होईल.

प्रश्न नवा दिसतो, पण तो आपला रोजचाच आहे. लिहिणारा कोण हें ठाऊक नाहीं, तर त्याचें लिहिणें ग्राह्य धरावें काय? आणि ज्याची ओळख नाहीं त्याच्या हातीं ग्रंथ द्यावा काय? जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यानें या दोन प्रश्नांचें उत्तर दिल्यावांचून एकही पोथी कपाटांत ठेवलेली नसते; मग तें उत्तर त्यानें शब्दांत मांडलें असो वा नसो.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. ज्यास विकि म्हणतात तो प्रकार अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ च्या मार्चांत प्रथम सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेंत 'विकि' म्हणजे जलद. तेथील विमानतळावरील एका बसगाडीच्या नांवावरून त्यांनीं तो शब्द उचलला. पान वाचणाऱ्यासच तें पान दुरुस्त करतां यावें, ही त्यांतील मुख्य कल्पना. तीच घेऊन जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया काढला, आणि १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. यांत ज्यानें नांव नोंदविलें आहे तो त्या नांवानें लिहितो. हें नांव खरेंच असलें पाहिजे असा निर्बंध नाहीं. ज्यानें नोंदविलें नाहीं त्याच्या लिखाणापुढें त्याच्या संगणकजोडणीचा अंक उमटत असे. अलीकडे, २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें, निरनिराळ्या विकींवर हा अंक सर्वांस दिसण्याचें बंद करून त्याऐवजीं एक तात्पुरतें खातें देण्याची पद्धत पडत चालली आहे. तें नव्वद दिवसांनीं संपतें.

येथें एक गंमत आहे, ती आमच्या स्नेह्यांच्या ध्यानांत आली नसावी. ज्यास आपण अनामिक म्हणतों, त्याच्या मागें त्याच्या जोडणीचा अंक जाहीरपणें उभा राहत असे. आणि ज्यास नांव आहे त्याचें तें नांव 'भटका' किंवा 'वाटसरू' असें कांहींतरी असून त्यावरून कांहींच उमगत नसे. २००७ सालीं व्हर्जिल ग्रिफिथ नांवाच्या एका अमेरिकन तरुणानें हे अंक आणि ते ज्या कचेऱ्यांस दिलेले होते त्यांची यादी एकमेकींशीं ताडून पाहण्याचें साधन प्रसिद्ध केलें. तेव्हां कित्येक कंपन्यांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या जोडण्यांवरून त्यांच्याविषयींच्याच लेखांत फेरफार झाल्याचें उघडकीस आलें. या फेरफार करणाऱ्यांनीं दोन मिनिटें खर्चून एखादें खोटें नांव घेतलें असतें, तर त्यांचा पत्ता लागला नसता. अर्थात् 'अनामिक' ही संज्ञाच येथें सैलपणें वापरली जाते. संस्कृतांत अनामिका हें ज्या बोटाचें नांव, त्याच बोटांत धर्मकृत्याच्या वेळीं दर्भाचें पवित्रक घालतात, हेंही जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

आतां आपल्या घरची स्थिति पाहूं. आपल्याकडे ग्रंथ ज्यांनीं शतकानुशतकें जिवंत ठेविले ते लेखक, म्हणजे नकल करणारे, बहुतेक अनामिकच. कोणी पुष्पिकेंत नांव, गांव, शक, तिथि देतो. पुष्कळसे देत नाहींत. आणि जे देतात तेही 'जसें दिसलें तसें लिहिलें, दोष आमचा नव्हे' असें सांगून मोकळे होतात. वास्तविक जसें दिसलें तसेंच त्यांनीं लिहिलें असतें तर पाठभेदांचा डोंगर उभाच राहता ना. कोणी अशुद्ध वाटलें तें शुद्ध केलें, कोणी कठीण शब्दाच्या जागीं सोपा घातला, कोणी समासांत लिहिलेली टीप मूळ समजून संहितेंत ओढून घेतली, आणि कोणी भक्तीच्या भरांत स्वतःचीं कडवीं घुसडलीं.

याचें मोठें उदाहरण महाभारताचें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली चिकित्सक आवृत्ति १९६६ त पुरी झाली. तिच्यासाठीं १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या असें सांगतात. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून तिचे प्रधान संपादक होते. १९३३ त पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं पोथ्यांचीं कुळें लावण्याची जी रीत घालून दिली, तिच्यावर आमच्या पिढीचें पोषण झालें आहे. या आवृत्तींत जो मजकूर सर्व कुळांतून सिद्ध होत नाहीं तो खालीं तारांकित करून दिला, अथवा परिशिष्टांत नेला. तेथें एक मौज पाहण्यासारखी आहे. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, अर्थ समजल्यावांचून अक्षर उमटवूं नये, ही जी कथा आपण मुलांस शिकवीत आलों, तीच कथा परिशिष्टांत गेली आहे. म्हणजे लेखकाचें नांव सांगणारी कथाच कोणा नांव न सांगणाऱ्या लेखकानें मागाहून घातलेली! आम्ही पस्तीस वर्षें ती वर्गांत रंगवून सांगितली, आणि प्रक्षिप्त ठरल्यावरही सांगतच राहिलों, याचा आम्हांस पश्चात्ताप होत नाहीं. पण ती व्यासांची म्हणून यापुढें सांगतां येणार नाहीं.

ज्ञानेश्वरीची गोष्ट याहून जवळची. ती शके १२१२ त झाली. पुढें तीनशें वर्षांत तिच्या प्रतींत इतके पाठ शिरले कीं, शके १५०६, तारणनाम संवत्सरीं, एकनाथमहाराजांस ती शोधून शुद्ध करावी लागली, आणि यांत कोणीं आपली ओवी घालूं नये असा निषेध शेवटीं लिहून ठेवावा लागला. विकिपीडियाच्या भाषेंत बोलावयाचें तर नाथांनीं पान संरक्षित केलें. परंतु येथेंच संशोधकाच्या दृष्टीनें एक हळहळ वाटते. नाथांनीं पाठ शुद्ध केला, पण काय गाळलें, काय बदललें आणि कोणत्या प्रतीच्या आधारें, याची याद ठेविली नाहीं. ती त्या काळीं कोणीच ठेवीत नसे, म्हणून हा दोष नाथांचा नव्हे. तथापि त्यामुळेंच १९०९ सालीं कै. वि. का. राजवाडे यांनीं नाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापतांच वाद माजला, आणि खरी जुनी ओवी कोणती याविषयीं विद्वानांत एकवाक्यता होणें दुर्घट होऊन बसलें. पाठ शुद्ध करणारा महापुरुष होता, त्याचें नांव घरोघरीं ठाऊक होतें, त्याच्या अधिकाराविषयीं कोणास संशय नव्हता, आणि तरीही आपल्या कामाची अडचण झाली. कां? तर बदलांचा इतिहास राहिला नाहीं म्हणून.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'इतिहास' म्हणून एक कळ असते. ती दाबली असतां त्या पानाचा पहिल्या अक्षरापासूनचा प्रत्येक पाठ, कोणत्या दिवशीं किती वाजतां कोणीं काय घातलें व काय काढलें, हें ओळीनें दिसतें, आणि वाटेल तो जुना पाठ पुन्हां जागच्या जागीं बसवितां येतो. ज्यासाठीं सुकथनकरांस शारदेपासून मलयाळीपर्यंतच्या लिप्यांतील पोथ्या जमवाव्या लागल्या, तें येथें आपोआप पदरांत पडतें. आम्ही प्रथम ही कळ दाबली तेव्हां दोन तास जागचे हललों नाहीं. जर प्रत्येक नकलकारामागें अशी वही लागलेली असती, तर त्याचें नांव कळलें नसतें म्हणून आपलें फारसें अडलें असतें काय?

परंतु हा झाला पाठाचा विचार. मजकुराच्या खरेपणाचें काय, असें आमचे स्नेही विचारतील. त्यांस जेधे शकावलीची आठवण करून द्यावीशी वाटते. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींत शके १५४९, प्रभवनाम संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया अशी तिथि आहे. चिटणीस हे नामांकित गृहस्थ, छत्रपतींच्या दरबारचे वंशपरंपरेचे कारकून. नांवाचें वजन पाहावयाचें तर याहून अधिक तें काय असावें? उलट कारीच्या जेध्यांच्या दप्तरांतील शकावली, जी लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणली, ती कोणीं लिहिली हें कोणासच ठाऊक नाहीं. तिच्यांत कर्त्याचा पत्ता नाहीं, आज्ञा करणाऱ्याचा उल्लेख नाहीं, अलंकार नाहींत. नुसते शक, महिने, तिथि आणि दोन दोन ओळींच्या नोंदी. तीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि निघाली. पुढें जोधपुरास कुंडली सांपडली ती हिच्याशीं जुळली. १९२७ त छापलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत हीच तिथि निघाली. आणि तीस चाळीस वर्षें अधूनमधून भांडून झाल्यावर निनांवी कारकुनाचा कागद जिंकला व नामांकित चिटणिसांची तिथि मागें पडली. महाराष्ट्र सरकारनेंही २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली. या सर्व वादांत, शकावलीस कर्ता नाहीं सबब ती फेंकून द्यावी, असें कोणा जबाबदार संशोधकानें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. प्रश्न नेहमीं हाच विचारला गेला कीं, तिची नोंद दुसऱ्या स्वतंत्र साधनाशीं जुळते काय?

याचा अर्थ अनामिक लिखाणापासून अपाय होत नाहीं असा कोणीं घेऊं नये. तो झाला आहे, आणि चांगलाच झाला आहे. मे २००५ मध्यें इंग्रजी विकिपीडियांत जॉन सायगेन्थॅलर या अमेरिकन पत्रकारावर एका अनामिक हातानें लेख लिहिला, आणि केनेडीबंधूंच्या खुनांत या गृहस्थाचा हात असल्याचा संशय होता असें त्यांत ठोकून दिलें. सायगेन्थॅलर हे तर रॉबर्ट केनेडींचे एके काळचे सहायक. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. कोणाचेंही लक्ष गेलें नाहीं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्या वृद्ध गृहस्थांस आपल्यावरील असला मजकूर वाचावा लागला, हें आम्ही साठी उलटलेल्या माणसांनीं हलक्यानें घेऊं नये. पुढें जोडणीच्या त्या अंकावरूनच लिहिणाऱ्याचा माग लागला, आणि एका सहकाऱ्याची थट्टा करण्यासाठीं आपण तें लिहिलें असें त्यानें कबूल केलें. त्यानंतर डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियांत नवा लेख उघडावयाचा तर नांव नोंदविलें पाहिजे असा नियम झाला. पोर्तुगीज विकिपीडियानें तर ऑक्टोबर २०२० त मतदान घेऊन, नांव न नोंदविणाऱ्यांस लेखांत हात घालण्याचीच बंदी केली. जर्मन मंडळींनीं २००८ पासून निराळी वाट धरली: कोणासही लिहूं द्यावें, परंतु अनोळखी हाताचें लिखाण एखाद्या जाणत्या संपादकाच्या नजरेखालून गेल्यावरच सामान्य वाचकास दिसावें. आम्हांस ही शेवटची रीत अधिक पसंत आहे; तिच्यांत मुद्रितशोधकाचा वास येतो.

बंदीवाल्यांची खरी कसोटी मात्र निराळी आहे. नांव घेतल्यानें खोटें थांबतें काय? २००७ सालीं असें उघड झालें कीं, इंग्रजी विकिपीडियाचा एक प्रतिष्ठित, नोंदणीकृत आणि अधिकारपदावर चढलेला संपादक आपण धर्मशास्त्राचा प्राध्यापक असल्याचें सांगत होता, तो प्रत्यक्षांत चोवीस वर्षांचा, कसलीही पदवी नसलेला तरुण होता. २०२० सालीं स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचा बोभाटा झाला. तेथील हजारों लेख एका अमेरिकन मुलानें, स्कॉट्स भाषा न येतां, इंग्रजी वाक्यांची अक्षरें वेडीवांकडी करून लिहिले होते. तो नोंदणीकृत होता, मेहनती होता, आणि वाईट हेतूही त्याचा नव्हता. वर्षानुवर्षें कोणी हटकलें नाहीं, कारण ती भाषा जाणणारे तेथें फिरकतच नव्हते. क्रोएशियन विकिपीडियाचें प्रकरण तर इतिहासाच्या अभ्यासकांनीं मुळांतूनच वाचावें. तेथें सुमारें दहा वर्षें कांहीं व्यवस्थापकांच्या कंपूनें दुसऱ्या महायुद्धांतील अत्याचारांचा इतिहास आपल्या राष्ट्राभिमानास मानवेल असा वळविला, विरोध करणाऱ्यांस हांकून लावलें, आणि २०२१ त विकिमीडियानें या कारभाराच्या चौकशीचा अहवाल काढला. हे सारे नोंदणीकृत होते. यांच्याजवळ किल्ल्या होत्या. इनामाच्या लोभानें महजरांत फेरफार करणारे आणि बनावट सनदा रचणारे हेही गांवकीच्या कामांतले वजनदार लोकच असत, वाटेनें जाणारे नव्हत. हें ज्यांनीं वतनांचीं भांडणें वाचलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

उलट बाजूस, खऱ्या नांवाचाच आग्रह धरून लॅरी सँगर यांनीं सिटिझेंडियम नांवाचा दुसरा कोश २००७ त लोकांपुढें मांडला. त्यांत पंडितांची देखरेख होती, सभ्यता होती, सर्व कांहीं होतें. लिहिणारे मात्र आले नाहींत. तो कोश खुरटा राहिला.

खऱ्या नांवाच्या सक्तीविषयीं आमच्या मनांत आणखी एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. फेब्रुवारी २०२५ त छत्रपति संभाजीमहाराजांवरील इंग्रजी लेखांतील मजकुराबद्दल महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनीं विकिपीडियाच्या कांहीं संपादकांवर गुन्हा नोंदविला. त्याच्या आदल्या वर्षीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत एएनआय या वृत्तसंस्थेनें लाविलेल्या दाव्यांत, तिच्याविषयींच्या लेखावर काम करणाऱ्या संपादकांची माहिती मागण्यांत आली होती. महाराजांविषयीं कोणीं अवमानकारक लिहिलें तर आमच्याही अंगाचा तिळपापड होतो, आणि त्या मजकुराची तरफदारी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जो मनुष्य कागदाच्या आधारें, शांतपणें आणि कोणास न दुखवितां लिहूं पाहतो, त्यासही आतां दहा वेळां विचार करावा लागतो, हें खरें आहे. भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजीं जमाव चालून गेला आणि तेथील ग्रंथ व हस्तलिखितें यांची नासधूस झाली, तो दिवस आम्ही विसरलेलों नाहीं. दुसऱ्याच दिवशीं आम्ही तेथें गेलों होतों. काय पाहिलें तें येथें लिहीत नाहीं. एखाद्या पुस्तकाच्या उपोद्घातांत आभार मानल्याच्या निमित्तानें ज्यांचीं नांवें छापलीं गेलीं त्यांच्यावर काय प्रसंग आले हें ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं 'नांव सांगा, मगच लिहा' हा आग्रह जरा जपून धरावा.

आतां आम्ही त्या बैठकींत गप्प कां बसलों तें सांगतों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या साह्यानें आम्ही २०२२ सालीं मराठी विकिपीडियावर नांव नोंदविलें आणि आमच्या तालुक्यांतील गांवांविषयींचे चारदोन लेख सुधारले. त्यांपैकीं एका लेखांत आम्हीं वाचलेल्या एका इनामपत्राचा शक घातला होता, शके १६५४, आणि आधार म्हणून आमचेंच छापील टिपण दाखविलें होतें. पुढच्या वर्षीं वैशाखांत पाहतों तों कोणा अनामिकानें तो शक १६४५ केलेला. आम्हांस संताप आला. पोरखेळ, असें म्हणून आम्हीं तो बदल तत्काळ उलटविला, आणि कारणाच्या रकान्यांत 'मूळ कागद आम्हीं पाहिला आहे' असें लिहिलें. दुसऱ्या दिवशीं बदल पुन्हां तसाच! या वेळीं त्या रकान्यांत एवढेंच होतें: टिपणांत संवत्सर शोभकृत दिला आहे, तो १६५४ ला येत नाहीं, कृपया कागद पुन्हां पाहावा.

शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें आणि बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, हें गणित आम्हीं स्वतः शेंकडों मुलांस शिकविलें आहे. १६५४ त बारा मिळवितां १६६६; बाकी ४६, म्हणजे परिधावी. १६४५ त मिळवितां १६५७. बाकी ३७, म्हणजे शोभकृत. बरें, त्या पाडव्यास जें शके १९४५ लागलें होतें तेंही शोभकृतच, कारण बरोबर तीनशें वर्षें म्हणजे पांच फेरे झाले. भिंतीवरच्या पंचांगांत तें नांव महिनाभर आमच्या डोळ्यांसमोर लटकत होतें! आम्हीं कपाटांतून मूळ कागदाची छायाप्रत काढली. कागदांत १६४५ स्वच्छ आहे. चूक आमच्या हातच्या नकलेंत, आंकडे उलटसुलट पडून, झालेली. मुद्रितेंही आम्हींच तपासलीं होतीं. आणि या चुकीच्या नऊ वर्षांवर आम्हीं एक अनुमानही उभारून ठेवलें होतें.

त्या अंकामागें कोण होतें हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. एखादा ज्योतिषी असेल, एखादी विद्यार्थिनी असेल, कदाचित् या त्रैमासिकाचा वाचकही असेल आणि आमची भीड पडून त्यानें नांव दिलें नसेल. हा शेवटचा तर्क आम्हांस वारंवार सतावतो. आमच्या पिढींत वडीलधाऱ्याची चूक दाखविणें सोपें नसे. आम्ही स्वतः एका थोर संशोधकांच्या ग्रंथांतील शकाची ढळढळीत चूक पंचवीस वर्षें मनांत ठेविली, ते हयात होते तोंवर उच्चारली नाहीं. नोंदणीची अट असती तर हा गृहस्थ त्या दोन आंकड्यांसाठीं थांबला असता असें आम्हांस वाटत नाहीं. आभाराचे दोन शब्द आम्हीं त्या अंकाच्या चर्चापानावर लिहून ठेविले. ते कोणीं वाचले कीं नाहीं कळण्यास मार्ग नाहीं.

तेव्हां आमचें मत असें. मराठी विकिपीडियाचें दार अनामिकास बंद करूं नये. पण दार उघडें ठेवावयाचें तर ओसरीवर कोणीतरी बसलेलें पाहिजे. इंग्रजीस पहारेकऱ्यांची वाण नाहीं. अचकट विचकट मजकूर ओळखून क्षणार्धांत पुसणारीं यंत्रेंही तेथें आहेत. मराठीची स्थिति स्कॉट्सच्या बाजूस अधिक झुकते, हें कटु असलें तरी मान्य करावें. जर्मन रीत येथें आणावी असें म्हणणें सोपें आहे, परंतु तपासणारेच नसतील तर तपासणीची रांग तेवढी वाढेल. हयात माणसांचीं चरित्रें आणि ज्यांवर वारंवार दंगा होतो अशीं पानें नोंदणीकृतांपुरतीं ठेवावीं, याला आमची संमति आहे. बाकीच्या पानांवर नांव मागण्यापेक्षां आधार मागावा. आणि शक, तिथि किंवा आंकडा बदलणाऱ्यानें, मग तो अनामिक असो कीं नोंदणीकृत, कारणाचा रकाना कोरा ठेवला तर तो बदल निःशंक उलटवावा.

आपल्या सभासदांपैकीं ज्यांस डोळ्यांची साथ आहे त्यांनीं आपापल्या तालुक्यांतील किल्ले, घराणीं, देवस्थानें यांचीं दहा दहा पानें लक्षसूचींत घालून आठवड्यांतून एकदां पाहत जावीं. यास संगणकाचें फारसें ज्ञान लागत नाहीं. आम्हांस दोन दुपारींत आलें. शिवाय ज्यांच्या घरीं करीने, शकावल्या, यादी पडून आहेत, त्यांनीं त्यांचें वाचन प्रथम छापून घ्यावें, मग विकिपीडियावर आधार म्हणून दाखवावें. न छापलेला कागद तेथें आधार धरीत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

आमच्या 'एका इनामपत्राचें वाचन' या टिपणांत जेथें जेथें शके १६५४ छापलें आहे तेथें तेथें शके १६४५ असें वाचकांनीं दुरुस्त करून घ्यावें. त्याच टिपणाच्या शेवटीं, इनाम देणारा हा पहिल्या देशमुखाचा पुत्र असावा असें जें अनुमान केलें होतें तें या दुरुस्तीनें टिकत नाहीं. कागदांतील पुरुष तो पिताच होय. ही चूक एका अनामिक वाचकानें दाखविली.